संत्र्याचा रम पंच : प्रमाण, कृती आणि माप

रम पंच हे रम, फळांचा रस, लिंबू, साखर, पाणी आणि थोडा मसाला यांचे थंड किंवा कोमट पेय आहे. त्यासाठी बारमधली अवजारे लागत नाहीत. पातेले, गाळणी, लिंबू पिळायचे यंत्र आणि मिलिलीटरच्या खुणा असलेले एखादे माप एवढे घरात असले की काम होते. आदिलाबादला नागपूरची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात दिसू लागतात आणि वर्षअखेरीच्या घरगुती बैठकांपर्यंत मिळतात. म्हणून या लेखात संत्र्याचा पंच मुख्य धरला आहे. इतर ऋतूंतल्या फळांचे बदल पुढे दिले आहेत.

फळांच्या पेयात एक धोका असतो. साखर, लिंबू आणि फळाचा वास यांखाली रमचा तिखटपणा झाकला जातो. पिणाऱ्याला सरबत प्यायल्यासारखे वाटते आणि पोटात किती दारू गेली हे कळत नाही. चांगला पंच करणे म्हणजे चव जमवणे आणि प्रत्येक ग्लासात किती रम आहे हे यजमानाला नेमके माहीत असणे. खालची कृती त्याच हिशोबाने मांडली आहे. हा लेख कायद्याने सज्ञान झालेल्या आणि स्वेच्छेने मद्य घेणाऱ्या सभासदांसाठी आहे. न घेणाऱ्यांसाठी त्याच रसाचे बिनरमचे पेय याच कृतीत सांगितले आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

'पंच' हा शब्द बहुतेक कोशांत आपल्या 'पाच'शी जोडलेला आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंचे पेय म्हणून ते पंच. शिवकाळात पश्चिम किनाऱ्यावर राहिलेला आणि जुन्नरपर्यंत जाऊन आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात हीच व्युत्पत्ती दिली आहे. पिंपासाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव आले असावे, असेही काही अभ्यासक मानतात.

या पेयाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १६३२ मधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका पत्रात सापडतो. ते पत्र आजच्या आंध्रच्या किनाऱ्यावरील वखारीतल्या माणसाला लिहिलेले होते. त्या काळी पंचमध्ये रम नसे. ताडी-माडीपासून किंवा तांदळापासून काढलेला अरक वापरत. खलाशांबरोबर हे पेय युरोपात आणि पुढे कॅरिबियन बेटांवर गेले. तिथे उसाचे मळे होते, मळीपासून रम निघत होती, आणि अरकाची जागा रमने घेतली. आज आपण 'रम पंच' म्हणून जे करतो ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून निघून, समुद्रापार बदलून परत आलेले पेय आहे.

गोव्यातही फळाची गोडी आणि स्थानिक मद्य यांची सांगड जुनी आहे. काजूच्या बोंडाच्या रसापासून उन्हाळ्यात निघणारा हलका उर्राक तिथे लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सोड्यात, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. मीठ-मिरचीची ती कल्पना आपल्याला पेरूच्या पंचमध्ये उपयोगी पडते.

जुने प्रमाण आणि आपले प्रमाण

कॅरिबियन बेटांवर पंचचे एक पाठ प्रमाण आहे : आंबट १ भाग, गोड २ भाग, मद्य ३ भाग, पाणी किंवा बर्फ ४ भाग. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, पण तसेच केले तर पेय कडक होते. भारतीय रममध्ये साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. या प्रमाणाने तयार पंचमध्ये ते जवळपास १३ टक्के येते, म्हणजे वाइनइतके. सरबतासारखा मोठा ग्लास भरून घ्यायला हे फार आहे.

म्हणून हे प्रमाण तसेच ठेवून त्यात त्या सगळ्याइतकाच फळाचा रस घालावा. ८ ग्लासांसाठी हिशोब असा :

– लिंबाचा रस ८० मिलिलीटर (६ ते ७ रसदार कागदी लिंबे)
– साखरेचा मसालेदार पाक १६० मिलिलीटर
– रम २४० मिलिलीटर
– थंडगार पाणी किंवा सोडा ३२० मिलिलीटर
– संत्र्याचा ताजा रस ८०० मिलिलीटर (मध्यम आकाराची १२ ते १४ संत्री)

एकूण १६०० मिलिलीटर, म्हणजे २०० मिलिलीटरचे ८ ग्लास. प्रत्येक ग्लासात बरोबर ३० मिलिलीटर, म्हणजे एक छोटा पेग रम येते. अल्कोहोलचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आत राहते.

रम कोणती घ्यावी

रम उसाच्या मळीपासून होते. काळी रम लाकडी पिंपात मुरवलेली असते आणि रंगासाठी तिच्यात जळक्या साखरेचा अंश असतो. तिला व्हॅनिला, गूळ, सुकामेवा यांची आठवण करून देणारा वास येतो. १९५४ मध्ये मोहन मीकिन कंपनीने बाजारात आणलेली ओल्ड मंक ही आपल्याकडची सर्वांत ओळखीची काळी रम. संत्रे, दालचिनी आणि जायफळ यांच्याशी काळी रम चांगली जुळते. पेरू, अननस, टरबूज अशा हलक्या वासाच्या फळांना पांढरी रम बरी. महागडी, बरीच वर्षे मुरलेली रम पंचमध्ये घालू नये. तिचे बारकावे रसात हरवतात.

बाटलीच्या मापाचा अंदाज असावा. १८० मिलिलीटरच्या क्वार्टरमध्ये ६ ग्लास होतात, ३७५ च्या हाफमध्ये १२, आणि ७५० च्या पूर्ण बाटलीत २५.

कृती

१. पाक : १०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलीटर पाणी मंद आचेवर ठेवावे. त्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, ३ लवंगा आणि ४ ठेचलेले मिरे घालावेत. साखर विरघळली की गॅस बंद करावा, तार येऊ देऊ नये. झाकण ठेवून गार होऊ द्यावे आणि गाळावे. साधारण १६० मिलिलीटर पाक मिळतो. गूळ घालायचा असल्यास साखरेपैकी एक तृतीयांशच घालावा, नाहीतर रस काळपट होतो आणि संत्र्याचा वास दबतो.

२. लिंबू : रस काढून बिया लगेच गाळाव्यात. एका लिंबाची हिरवी-पिवळी वरची साल सोलून गरम पाकात टाकली तर वास छान येतो. आतला पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये.

३. संत्री : फोडी सोलून बिया काढाव्यात आणि हाताने किंवा यंत्रावर पिळाव्यात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नये. नागपुरी संत्र्याच्या रसाची एक खोड आहे. पिळताना गोड असलेला रस काही तासांनी कडवट होतो. बिया आणि पांढऱ्या तंतूंतले द्रव्य रसाच्या आंबटपणाने हळूहळू बदलते आणि कडू होते. म्हणून रस पाहुणे येण्याच्या तासभर आधीच काढावा. सकाळी काढून रात्री वापरू नये.

४. एकत्र करणे : संत्र्याचा रस आणि लिंबाचा रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यावा. पाक आधी १२० मिलिलीटर घालून चव पाहावी, संत्री आंबट असतील तर उरलेला घालावा. चिमूटभर मीठ घालावे, त्याने गोडी उठून येते. हे भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये.

५. ग्लास भरणे : ग्लासात बर्फ घालून तयार रस १३० मिलिलीटर, रम ३० मिलिलीटर आणि थंड सोडा ४० मिलिलीटर ओतावा. एकदाच हलवावे आणि वर किंचित जायफळ किसावे. सोडा आधीच भांड्यात ओतला तर त्यातला वायू निघून जातो.

रम मोठ्या भांड्यात न मिसळता ग्लासात मापून घालण्याचे तीन फायदे आहेत. प्रत्येकाला किती गेली ते कळते. ज्याला कमी हवी त्याला १५ मिलिलीटर देता येते. आणि टेबलावरचे मोठे भांडे निव्वळ रसाचे राहते, त्यामुळे मुलांच्या हाती चुकून दारू लागत नाही.

मापासाठी पेगचे माप नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारी खुणांची टोपी चालते. अंदाजाने ओतू नये. रुंद ग्लासात ३० चे ५० किंवा ६० सहज होतात, आणि गोड रसात ते जाणवत नाही.

बिनरमचा पंच

१३० मिलिलीटर तयार रसात ७० मिलिलीटर सोडा घातला की बिनरमचा ग्लास होतो. त्यात आल्याचा अर्धा चमचा रस आणि दोन मिऱ्यांची पूड घातली तर घशाला रमसारखी ऊब जाणवते आणि पेय नुसते गोड लागत नाही. ग्लास त्याच आकाराचे असावेत, वर जायफळही तसेच किसावे. न घेणाऱ्या माणसाला पाण्याचा पेला देऊन बाजूला बसवू नये. मात्र मुलांचे ग्लास वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत.

कोमट पंच

तेलंगणात थंडीच्या दिवसांत नीचांकी तापमानाची नोंद बहुधा आदिलाबादकडेच होते. अशा रात्री बर्फाचा ग्लास नकोसा वाटतो. तेव्हा तयार रस मंद आचेवर कोमट करावा. उकळी आली तर रस कडू होतो. गॅस बंद करून रस ग्लासात ओतावा, सोड्याऐवजी ४० मिलिलीटर गरम पाणी घालावे आणि रम शेवटी, गॅसपासून दूर घालावी. रमची वाफ पेट घेते, त्यामुळे चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ बाटली उघडू नये.

रमने थंडी जाते हा समज मात्र चुकीचा आहे. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्वचेला ऊब जाणवते आणि शरीराच्या आतली उष्णता उलट लवकर बाहेर पडते. पिऊन उघड्यावर, शेतात किंवा शेकोटीजवळ झोपणे धोक्याचे आहे.

ऋतूप्रमाणे फळे

पेरू, म्हणजे आपल्याकडचा जांब : हिवाळ्यात पिकलेला जांब उकडून, चाळणीतून घासून बिया काढाव्यात. गर घट्ट असतो, म्हणून ८०० मिलिलीटर संत्र्याच्या रसाऐवजी ४०० मिलिलीटर गर आणि ४०० मिलिलीटर पाणी घ्यावे. ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून मीठ-तिखट लावावे. रम पांढरी घ्यावी.

फेब्रुवारी-मार्चची संत्री : मृग बहाराची ही फळे गोड असतात. पाक कमी करावा.

कैरी : उकडलेल्या कैरीचे पन्हे मुळातच आंबट-गोड असते. लिंबू आणि पाक दोन्ही वगळावेत. वेलची पुरे, दालचिनी नको.

टरबूज : एप्रिल-मे मध्ये रस गाळून घ्यावा. हे फळ पाणीदार असल्यामुळे सोडा निम्मा करावा आणि लिंबू थोडे वाढवावे. पुदिन्याची पाने चालतात.

जांभूळ : जूनमध्ये गर मीठ लावून कुस्करून गाळावा. जांभूळ तुरट असते, म्हणून निम्मे जांभूळ आणि निम्मे पाणी घ्यावे. रंग सुरेख येतो, पण कपड्यांवरचा डाग जात नाही.

सीताफळ : शरद ऋतूत आपल्या डोंगरांतून भरपूर येते, पण पंचला योग्य नाही. गर रवाळ आणि दाट असतो, तापवला की कडू होतो. दूध घालावे तर लिंबाने ते फाटते. सीताफळाची बासुंदीच करावी.

किती घ्यावी

३० मिलिलीटर रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ते निस्तरायला शरीराला एक तास किंवा त्याहून जास्त लागतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेळ कमी होत नाही. म्हणून दोन ग्लासांमध्ये तासाभराचे अंतर आणि मध्ये एक ग्लास पाणी हा सोपा नियम पाळावा. रिकाम्या पोटी सुरुवात करू नये. भाजलेले शेंगदाणे, चिवडा चालतो, पण खारट खाण्याने तहान लागून पेयच जास्त जाते. पिठलं-भाकरी किंवा भातासारखे पोटभर जेवण लवकर वाढावे.

आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी मद्य घेऊच नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, फिट्सची औषधे आणि मेट्रोनिडॅझोलसारखी जंतुनाशके चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. पंचमधली साखरही मधुमेही माणसाने हिशोबात धरावी. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला आग्रह करणे तर क्रूरपणाच आहे. आग्रह जेवणाचा करावा, ग्लासाचा करू नये.

कायदा आणि सीमा

तेलंगणात मद्य विकत घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. महाराष्ट्रात रमसारख्या कडक मद्यासाठी वय २५ आहे आणि तिथे मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक किनवट, माहूर, पांढरकवडा, वणी, राजुरा इकडे आहे. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नाती एक असली तरी पैनगंगेच्या दोन तीरांचे मद्याचे कायदे वेगळे आहेत. तिकडून स्वस्त म्हणून किंवा इकडून भेट म्हणून बाटल्या गाडीत घालून नेणे गुन्हा ठरू शकते. वर्धा जिल्ह्यात बऱ्याच वर्षांपासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ ते २०२१ या काळात होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वरच्या मापाच्या दोन ग्लासांत ही मर्यादा बहुतेकांची ओलांडली जाते, लहान चणीच्या माणसाची एका ग्लासातही. तेव्हा 'एकच घेतली' हा हिशोब गाडीच्या किल्लीला लावू नये. पाहुण्यांच्या झोपण्याची किंवा परतीच्या वाहनाची सोय आधीच ठरवावी.

बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्यावी आणि बुचावरचे उत्पादन शुल्क खात्याचे लेबल पाहावे. घरी रम मिसळून पेय करण्यास आडकाठी नाही, पण फळे किंवा गूळ आंबवून भट्टी लावणे गुन्हा आहे. काळ्या गुळाचा गुडुंबा किंवा अनोळखी ठिकाणची सुटी दारू पंचमध्ये कधीही घालू नये. तिच्यात मिथेनॉल असेल तर ते रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. त्याने डोळे जातात, जीवही जातो. पिणाऱ्याला काही तासांनी धूसर दिसू लागले, पोटात कळा येऊ लागल्या किंवा धाप लागली तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

घर आणि समाज

मोहफुलाची दारू गोंड समाजाच्या विधींत आणि पाहुणचारात पूर्वापार आहे. त्याच मोहफुलांचे पौष्टिक लाडू आज उटनूरच्या आदिवासी महिला करतात. दारूने घरे उद्ध्वस्त होतात हेही आपल्या राज्याने पाहिले आहे. १९९२ मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी सारा दारूविरुद्ध उठाव केला. १ ऑक्टोबर १९९३ पासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही, सारा बंद झाली. १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती उठली. त्या बायकांची तक्रार मजुरीचा पैसा दारूत जाण्याची आणि घरातल्या मारहाणीची होती. पंच कितीही चवदार झाला तरी घरातल्या कोणाला त्या संध्याकाळची धास्ती वाटत असेल, तर ती बैठक त्या घरात भरवू नये.

आवराआवर

उरलेला रस त्याच रात्री संपवावा किंवा टाकून द्यावा. दुसऱ्या दिवशी तो कडू लागतो. उरलेली रम मूळ बाटलीतच, बूच घट्ट लावून, कुलपात ठेवावी. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. लहान मुलाने तहानेपोटी ती तोंडाला लावली तर थोडी रमही त्याला घातक ठरते. अर्धवट राहिलेले ग्लासही झोपण्यापूर्वी रिकामे करून धुवावेत. सकाळी सर्वांत आधी मुलेच उठतात.